ओल्या पंखांचा फोटो

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये बारा-पंधरा जण आहेत, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले. रविवारी पहाटे कुहीच्या पुढच्या जंगलात जायचं तर अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे. ज्याचे फोटो काढायचे त्या चतुर किड्याला त्याचं काय पडलंय? पण फेसबुकवर बरं दिसतं. जंगलात तासभर, पोह्याच्या ठेल्यावर दोन तास, आणि तिथं एकमेकांना निसर्गावर प्रवचनं. मला या लोकांचा तिटकारा आहे. मी त्यांच्यातलाच आहे, आणि त्यांच्याहून हलका, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

ओढ्याकाठची ती जागा मला दाखवली उमरेडच्या एका माणसानं. घरचा हातमाग बंद पडल्यावर तो बुटीबोरीच्या कारखान्यात वॉचमन झाला होता. वयानं माझ्याहून मोठा, तरी मला भाऊ म्हणायचा. बारीक सुतावर बसलेली नजर. गवताच्या काडीला चिकटलेली चतुराची रिकामी कात त्याला दहा पावलांवरून दिसायची. ग्रुपमधल्या कुणाला त्यानं ही जागा दाखवली नाही. मला दाखवली, कारण मी कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात.

त्या सकाळी एक चतुर नुकताच कातीतून निघाला होता. फिकट, ओला, कातीलाच धरून बसलेला.

"हात नका लावू भाऊ," तो हळूच म्हणाला. "पंख वाळून राह्यले त्याचे."

मग तो अर्ध्या तासाच्या वाटेवर उभ्या केलेल्या गाडीतून माझा ट्रायपॉड आणायला गेला. मीच पाठवला.

काठावर अजून ऊन नव्हतं. ऊन येईस्तोवर हा उडून जाईल, ही मला धास्ती. म्हणून ग्रुपमध्ये सगळे गुपचूप करतात तेच केलं: किडा सोबत आणलेल्या बर्फाच्या डब्यात ठेवला. गारठला की हलत नाही. पण बाकीचे निदान वाळल्या पंखांचे चतुर ठेवतात. याचा डावा पंख डब्याला चिकटला आणि चुरगळला. ऊन आल्यावर त्याला परत काडीवर बसवलं, दव म्हणून स्प्रेनं पाणी मारलं आणि उजव्या बाजूनं फोटो काढले. तो ट्रायपॉड घेऊन आला तेव्हा चतुर मी गवतात टाकून दिला होता. उडाला, म्हणालो.

प्रदर्शनात त्याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. दोन तास कसा निश्चल बसून होतो, ते मी माइकवर सांगितलं. डब्यातून चतुर काढणारे सगळे माना डोलवत होते. उमरेडचा तोही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मीच बोलावलं होतं. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला, मग माझ्याजवळ आला.

"भाऊ, दुसऱ्या बाजूनं काहून नाही काढला?"

"तिकडून उजेड नव्हता."

"मले वाटलं, पंख मोडला असंन."

शेजारी उभा असलेला आमचा एक मेंबर म्हणाला, "काकाजी, हे टेक्निकल असते. तुमाले नाही समजणार." सगळे हसले. मीही हसलो. मोडला, माझ्या हातून मोडला, एवढंच म्हणायचं होतं. तो त्यासाठीच थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या हंगामात त्याला फोन केला, कधी येऊ म्हणून.

"यंदा निघूनच नाही राह्यले भाऊ," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच आदराचा.

चतुर निघाले नाहीत असं एकही वर्ष जात नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.