वरचं बक्कल

“राजाभाऊ, हे लई टोचतंय बरं का,” अप्पा म्हणाले.

लाइफ जॅकेटचं वरचं बक्कल त्यांच्या छातीच्या बरोबर मधोमध येत होतं, आणि सदऱ्याखाली नेमकी तिथंच चांदीची डबी होती. अप्पा लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग त्या डबीत असतं. ते अंगावेगळं करायचं नाही, झोपताना नाही, आंघोळीला नाही. दिंद्रुडच्या बाजारपेठेत निम्म्या दुकानदारांच्या सदऱ्याखाली अशी डबी असते. मी मूळचा तिथलाच. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझा धंदा टूरचा. सतरा सीटची गाडी, मी आणि ड्रायव्हर. वर्षातून आठ-दहा ट्रिपा. त्या वेळी बाजारपेठेतली पाच कुटुंबं घेऊन कोकणात गेलतो. आमच्या लोकांना डोंगर, देवळं पाहून झालेली असतात. समुद्र बघायचा राहिलेला असतो. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. वय एकसष्ट. समुद्र पहिल्यांदाच बघत होते. गाडीतून उतरल्यापासून त्यांचा एकच विषय, ती पाण्यावरची फटफटी.

तिला जेट स्की म्हणतात. पाण्यावर धावणारी मोटरसायकल समजा. पुढं चालवणारा, मागं प्रवासी. भाड्यानं एक चक्कर मिळते, किनाऱ्यापासून लांब जाऊन वळून यायचं. आम्ही जायचो त्या किनाऱ्यावर ती दीपक नावाचा माणूस चालवायचा. तिशीतला, बारीक अंगाचा. त्याच्याकडं मी चार सीझन ग्रुप नेत होतो. एकदाही तक्रार नव्हती.

जॅकेटला तीन बक्कलं असतात. खालची दोन पोटावर, वरचं छातीवर. प्लॅस्टिकची. एक टोक दुसऱ्यात सरकवलं की ‘टक’ असा आवाज येतो. पोटावरची दोन लावली की जॅकेट अंगावर बसल्यासारखं दिसतं. पण माणूस पाण्यात पडला की जॅकेट वर जायला बघतं आणि माणूस खाली. वरचं बक्कल लावलेलं नसेल, तर ते सरकत तोंडावर येतं, हात निसटतात, आणि जॅकेट एकटंच तरंगत राहतं. हे मला माहीत होतं. दीपकनंच पहिल्या सीझनला दाखवलं होतं.

“काका, वरचा बक्कल लावल्याशिवाय गाडी हलणार नाय हां,” तो पाण्यातून ओरडला. लाट मोठी होती, तो दोन्ही हातांनी गाडी धरून उभा होता.

मी अप्पांना म्हणालो, “अप्पा, डबी काकूंकडं द्या. पाच मिनिटांचा सवाल हाय.”

अप्पांनी बायकोकडं, म्हणजे काकूंकडं बघितलं. काकू वाळूत उभ्या होत्या, पदर डोक्यावर, चपला हातात. त्यांनी मान हलवली. “नको. गळ्यातलं काढायचं नस्तंय. टोचत आसंल तर जाऊ नका.”

“आता न्हाई कसं म्हणू?” अप्पा म्हणाले. मागं सगळी बाजारपेठ हसत उभी होती. किराणावाले बसप्पा ओरडले, “अप्पा, कापडाचा गठ्ठा न्हाई तो, घट्ट धरून बसा!” अप्पाही ओरडले, “आरं, जलमभर टँकरच्या मागं पळालो, आता पाण्याच्या पाठीवर बसतो की!”

सगळे हसले. मीही हसलो. हसत हसतच मी खालची दोन बक्कलं लावली. टक, टक. वरच्या बक्कलाचा पट्टा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला आणि जॅकेटच्या आत खोचून टाकला. लांबून बघणाऱ्याला तो लावल्यासारखाच दिसला असता. अप्पांच्या कानाजवळ म्हणालो, “मोकळं ठेवलंय. आता टोचणार न्हाई.”

“ब्येस झालं,” अप्पा म्हणाले.

आता इथं धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. एकटादुकटा गिऱ्हाईक आला तर जेट स्कीवाला स्वतः जॅकेट तपासतो. ग्रुप असला की टूरवाला तपासतो आणि हात वर करून ‘ओके’ म्हणतो. ते ओके ऐकून गाडी सुटते. त्याला लाटेत गाडी सांभाळायची असते आणि आम्हाला पंधरा-सोळा माणसं उरकायची असतात. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळा किनारा त्यावर चालतो.

मी हात वर केला. “ओके!”

गाडी निघाली. वळणापर्यंत सगळं नीट होतं. अप्पांनी एक हात सोडून आमच्याकडं हलवला. वळताना गाडी एका बाजूला कलते, तेव्हा माणसानं पुढच्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं असतं. अप्पांनी धरला तो दीपकचा खांदा, तोही एकाच हातानं. दोघंही पाण्यात गेले. दीपकच्या मनगटाला दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ती निघाली, इंजिन बंद पडलं. म्हणजे त्याच्या बाजूचं सगळं बरोबर चाललं होतं.

एक नारिंगी जॅकेट पाण्यावर दिसलं. त्यात माणूस नव्हता.

दीपकनं तीनदा बुडी मारली. अप्पांना वर घेऊन आला तेव्हा तो स्वतः धापा टाकत होता. वाळूवर छाती दाबली, गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि आमच्याकडं बघितलं. अप्पांच्या गळ्यात डबी जागेवर होती.

जबाब त्याच दुपारी पोलीस चौकीत झाला. हवालदार कागदावर वाकून लिहीत होते.

“जॅकेट कुणाचं?”

“जेट स्कीवाल्याचं.”

“निघालं कसं मग?”

भिंतीजवळच्या बाकावर दीपक ओल्या चड्डीतच बसला होता. खाली पाण्याचं थारोळं. त्यानं मान वर केली. मी उत्तर द्यावं म्हणून तो थांबला होता, कारण उत्तर मलाच माहीत होतं.

“वरचं बक्कल ढिलं होतं साहेब. आपोआप उघडलं असणार.”

एवढं एकच वाक्य. मी ते घरून ठरवून आणलेलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात बसप्पा आणि बाकीचे होते, काकू होत्या, फोनवर महेश, अप्पांचा मुलगा, रडत होता. मी त्यांना कोकणात घेऊन आलो होतो. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला श्वास घेता आला. सही केली.

दुसऱ्या दिवशी जॅकेट खडकात सापडलं. लाटांनी आपटून वरच्या बक्कलाचा एक दात तुटला होता. पंचनाम्यात ‘बक्कल नादुरुस्त’ असं आलं. मी बोललो ते खोटं होतं, त्या तुटक्या दातानं ते खरं करून टाकलं.

महेशनं तक्रार दिली. दीपकवर हयगयीची केस झाली, परवाना गेला, गाडी सील झाली. पुढं कळलं की तो मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. मी त्या किनाऱ्यावर परत ग्रुप नेला नाही. दुसरे किनारे होते. टूर चालूच राहिल्या. दरवर्षी माझं कॅलेंडर छापून दिंद्रुडला वाटायचो, एक अप्पांच्या दुकानात. महेश ते गल्ल्याच्या मागं टांगायचा. “आमच्यासाठी तुमी लई पळापळ केली काका,” असं दर वेळी म्हणायचा. मी चहा न पिता उठायचो. त्याला वाटायचं, मला घाई असते.

चार वर्षांनी समन्स आलं. साक्षीला हजर राहा.

आधी सरकारी वकिलांना फोन केला.

“काही नाही हो,” ते म्हणाले. “जबाबात लिहिलंय तेवढंच सांगायचं. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटं. मीही अप्पांना तेच म्हणालो होतो.

“साहेब, जबाबात लिहिलंय ते खोटं आहे.”

“मग चार वर्षं काय करत होता?”

“टूर नेत होतो.”

“हे बघा, फिरलात तर तुम्ही फितूर साक्षीदार. शिवाय तुमच्यावरच येईल. विचार करा.”

विचार झाला होता. फक्त कोर्टाआधी एका ठिकाणी जायचं होतं. तिथल्या माणसांना हे वर्तमानपत्रातून कळायला नको होतं.

सकाळी दहाला दिंद्रुडला गेलो. महेशनं नुकतंच शटर उघडलं होतं. काकू गादीच्या कडेला बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबी, पट्टा, आत खोचणं, ओके. बक्कल तुटलेलं नव्हतं. दीपकचा काही दोष नव्हता.

महेशच्या हातातली लोखंडी मीटरपट्टी तशीच राहिली. “काका, मी चार वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या. रोज दिल्या.” आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. “तुमी इथं येऊन बसायचा. कावून बोलला न्हाई?”

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “मला ठावं होतं.”

आम्ही दोघंही त्यांच्याकडं वळलो. त्या घडीवरनं हात फिरवत होत्या.

“पट्टा आत खोचताना म्या बगितलं होतं. समोरच हुबी होते की.”

“आई?” महेश म्हणाला.

“मग काकू, तुमी पोलिसांना का न्हाई सांगितलं?” मी विचारलं.

“काय सांगू? डबी माज्याकडं द्या म्हणलं तवा म्याच नको म्हणले. म्या नको म्हणले म्हणून तुमी मोकळं ठेवलं. तुमचं नाव घेतलं की माजं येतंय.” त्यांनी गळ्यातल्या स्वतःच्या डबीवर हात ठेवला. “ते गेले तसे गेले. पर त्या पोरानं बुडी मारून काडलं त्यान्ला. त्याचं वाटोळं आपून दोगांनी केलं, राजाभाऊ.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. मी मोकळा झालो असं वाटलं नाही. उलट, मी वेळेवर बोललो असतो तर या बाईला निदान तिच्या वाट्याचं बोलता आलं असतं. मी गप्प बसलो म्हणून तीही बसली.

“काकू, तुमी जाऊ नका म्हणला होता,” मी म्हणालो. “ते बरोबर होतं. काडायचं न्हाई आणि टोचत असंल तर जायचं न्हाई. दोन्ही बरोबर होतं. मोकळं मी ठेवलं.”

त्यांनी पुढची साडी ओढून घेतली. ती आधीच घडी घातलेली होती. ती उलगडून त्यांनी परत घातली.

मी पायरी उतरत होतो, तेव्हा मागं खिळ्याचा आवाज आला. महेशनं गल्ल्यामागचं कॅलेंडर काढलं. फाडलं नाही. गुंडाळी करून माझ्या हातात आणून दिलं.

कोर्टात काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं. सरकारी वकिलांनी मला फितूर म्हटलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, “कोणी दबाव आणलाय का?” मी म्हणालो, “नाही.” त्या म्हणाल्या, “मग आधीचा जबाब कुणाच्या दबावाखाली दिला?” मी म्हणालो, “माझ्याच.” लिहिणाऱ्या बाईंनी तेही लिहून घेतलं.

दीपक मागच्या बाकावर होता. दाढीत पांढरं आलेलं, हाताला जाळ्याच्या दोरीचे वळ. बाहेर आल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायचं ठरवून आलो होतो, पण त्यानंच आधी तोंड उघडलं.

“तुम्ही ओके म्हणालात म्हणून मी गाडी काढली. हेच मी सगळ्यांना सांगत होतो. पोलिसांना, वकिलाला, घरी. माझी बायको पण म्हणायची, तू बघितला नसशील नीट. काल रात्रीपर्यंत मला पण वाटायला लागलेला, की खरंच बक्कल मोडका होता.”

मी ‘चुकलो’ म्हणालो. त्यानं मान हलवली, माफ केल्यासारखी नाही, ऐकलं म्हणून. आणि एसटी स्टँडकडं चालत गेला.

काही महिन्यांनी तो निर्दोष सुटला. परवान्यासाठी परत अर्ज कर म्हणून मी निरोप पाठवला. पाण्यावर माणसं बसवायची आता भीती वाटते, असं त्यानं कळवलं. तो ट्रॉलरवरच आहे. माझ्यावर केस करायची की नाही, ते कोर्टात अजून ठरलेलं नाही. दिंद्रुडहून बुकिंग येत नाही. काकूंकडं मी गेलेलो नाही. त्यांनीही बोलावलेलं नाही.

नवीन लोक या धंद्यात येतात, विचारतात, समुद्रावर ग्रुप नेताना काय बघायचं. मी फार सांगत नाही. जॅकेटला बक्कलं तीन असतात. तीन आवाज मोजायचे. मी दोन ऐकले होते, आणि हात वर केला होता.