पाच सह्यांचं कार्ड

किस्से कोणी गोळा करत नाही हो, ते साचतात. मडगार्डात काळी माती साचते ना, तसे. आमच्या मेंटेनन्स खात्याचे निम्मे किस्से तर एकाच शनिवार-रविवारचे आहेत! पिंपरीला कारखाना नुकताच उभा राहिला होता, त्या एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. ऐन थंडी, आणि वर अवकाळी पाऊस पडून गेलेला.

आमचे फोरमन पेडणेकर साहेब कोकणातले. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं, की तिकडे माणसं हौसेनं दोन-दोन दिवस सायकली हाणतात. झालं! फर्मान निघालं. शनिवारी दुपारी निघायचं, पिंपळे गुरव, सांगवी, चऱ्होली, आळंदी, चाकण करून रविवारी संध्याकाळी परत. प्रत्येकाला एक कार्ड, आणि प्रत्येक गावात पोलीस पाटलाची सही.

"सही नाय, तर गेलो नाय!" साहेब म्हणाले. हजेरीच्या पंचिंगच्या घड्याळावर आयुष्य काढलेला माणूस, दुसरं काय बोलणार?

आम्ही चौघं तयार झालो. मी, टर्नर कदम, गेटासमोरचे सायकल दुकानवाले इब्राहिमभाई आणि सोपान. आम्ही तिघं मजेखातर निघालो होतो, सोपानचं तसं नव्हतं. तो टेम्पररी होता. चाकणच्या पाटलांची शांता त्याला पसंत होती, तिलाही हा पसंत होता. पण पाटलांनी तोंडावर सांगितलं होतं, "टेम्पररी म्हंजे काय रं? आज हाय, उद्या न्हाई. असला जावई मला नगं!" आणि साहेब म्हणाले होते, कार्ड पुरं करून दाखव, पर्मनंटसाठी शिफारस मी करतो.

त्यामुळे सोपाननं ते कार्ड मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आत, छातीशी ठेवलं होतं.

* * *

पहिलंच गाव पिंपळे गुरव, आणि पहिल्याच गावात घोडं अडलं. तिथल्या पाटलांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"कारखान्याचा कागद हाय न्हवं?"

"हो, पण सायकलीचा आहे."

"पिंपरीची रानं घेतली, आता आमची घ्यायला सायकलीवर आलाय व्हय?"

अर्धा तास समजावलं. चहा झाला, तंबाखू झाली. शेवटी चारही कार्डांवर सही मिळाली, पण सहीच्या वर पाटलांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "या सहीने कुठलीही जमीन दिलेली नाही."

* * *

सांगवीच्या अलीकडे एक चढ आहे. चिखल असा, की पायडल मारावं तर चाक जागच्या जागी फिरतंय. कदम सगळ्यांत पुढे, दात-ओठ खात चढत होता. वर पोचायला दहा-बारा हात उरले असतील, तेवढ्यात लांबून कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला.

कदमनं तिथंच सायकल आडवी टाकली, डबक्यात हात धुतले, धोंड्यावर बसून डबा उघडला!

मी ओरडलो, "अरे कदम, चढ तरी पुरा कर!"

तोंडात घास धरून म्हणतो कसा, "भोंगा झाल्यावर काम करायचं असेल, तर ओव्हरटाइम लावा!"

* * *

चऱ्होलीच्या वाटेवर माती इतकी चिकटली की चाकं फिरेनात. इब्राहिमभाईंनी पाना काढला आणि चारही सायकलींची मडगार्डं उतरवून सुतळीनं पाठीला बांधली. आता खड्डा आला की खडाण्, दगड आला की खडाण्. गावात शिरलो तर घराघरांतून बायका बाहेर, हातात तांब्या-पितळेची भांडी.

"कल्हईवाला आला गं!"

"बाई, मी कल्हईवाला नाही," इब्राहिमभाई हात जोडून म्हणाले, "ही सायकलीची मडगार्डं आहेत."

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग एवढं वाजवत कशापायी आलास? मी हांडा रिकामा केला की रं! आता पानी कोन भरनार?"

इब्राहिमभाईंनी मुकाट्यानं विहिरीवरून तिचा हांडा भरून आणला. त्यानंतरच पाटलांकडे जायची वाट मिळाली.

* * *

रविवारी सकाळी आळंदीची सही घेऊन चाकणच्या वाटेला लागलो. साहेबांच्या नियमाप्रमाणे चाकणला बाराच्या आत पोचायचं होतं. वाटेत बघतो तर काय, आमच्यावर नजर ठेवायला निघालेले पेडणेकर साहेब जीपसकट चिखलात!

कदमला राहवेना. "साहेब, कार्ड आणलंय का? सही नाय, तर गेलो नाय!"

"मेल्या, धक्का मार!"

आम्ही सायकली मागे आडव्या टाकल्या आणि चौघांनी जोर लावला. जीप हलली, पण पुढे नाही, मागे! सरळ सोपानच्या मागच्या चाकावर. चाकाचा पार आठ झाला. दुसऱ्या धक्क्याला जीप निघाली. साहेबांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"नियम म्हणजे नियम. बाराच्या आत," असं म्हणाले आणि गेले. एवढा राग आला होता मला! चिखलाचा गोळा उचलला होता, कदमनं हात धरला म्हणून.

चाक ठोकायला इब्राहिमभाईंना तासभर लागला असता, आणि पुढच्या चिखलात तर कुणाचीच सायकल चालणार नव्हती. मी सोपानला म्हटलं, "टाक ती सायकल इथंच, आणि पळ."

"आणि सायकलीबिगर गेलो, तर साहेब म्हणतील एष्टीनं आला!" असं म्हणून पठ्ठ्यानं सायकल खांद्यावर घेतली. शेवटचे दोन मैल तो चिखलातून तसाच चालला. एकदा पडला, उठला, पुन्हा पडला. पण कार्ड कोरडं.

* * *

बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही चाकणला पाटलांच्या ओट्यापुढे उभे राहिलो. सोपानचे फक्त डोळे ओळखू येत होते.

"कोन रं ह्यो?"

"मी सोपान."

"ह्या अवतारात मुलगी मागाया आलास?"

"मुलगी नको, पाटील! आधी सही द्या!"

दाराआड बांगड्या वाजल्या. पाटलांना लिहिता येत नव्हतं. ते अंगठा उठवायचे, आणि मजकूर लिहायची सातवी पास शांता. तिनं कार्ड घेतलं, बराच वेळ खाली मान घालून लिहिलं, पाटलांनी अंगठा उठवला. इब्राहिमभाईंनी तिथंच ठोकून-ठाकून चाक सरळ केलं आणि संध्याकाळी आम्ही पिंपरीत पोचलो.

सोमवारी साहेबांनी सगळ्या खात्यासमोर सोपानचं कार्ड वाचायला घेतलं. चार सह्या बघितल्या आणि पाचवीपाशी थांबले. तिथं लिहिलं होतं, "बारा वाजायला पाच मिनिटे असताना हजर. सायकल खांद्यावर होती, माणूस पायावर उभा होता."

"सायकलवर बसून यायचं होतं रे," साहेब म्हणाले. "तू तर सायकललाच बसवून आणलंस!"

गेली शिफारस, मी मनात म्हटलं. सोपान खाली बघत उभा.

साहेबांनी तो मजकूर पुन्हा वाचला, मग चष्मा काढला. "अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. कुणाचं?"

"माझ्या बायकोचं, साहेब."

"बायकोचं? अर्जात तर अविवाहित लिहिलंयस! लग्न कधी झालं तुझं?"

सोपाननं टेबलावरचं पेन उचलून साहेबांच्या हातात दिलं.

"तुम्ही खाली सही केलीत, की होतंय!"