सेफ्टी वॉलला बांधलेला नारळ

हैदराबाद संस्थान जाऊन आम्ही भारतात आलो त्याला काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कळंबजवळच्या कापसाच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये आमचे हे बॉयलरवर होते. आदल्या हंगामापर्यंत हाताखाली, त्या वर्षी पहिल्यांदा मुख्य. शेटजींनी स्पष्ट सांगितलं होतं, "तपासणी सरळ पार पडली तर कायम करतो. नाही तर जुन्या माणसाला परत बोलावतो." कंपाउंडातली आमची खोलीही त्या नोकरीबरोबरच होती.

दसरा झाला की सरकारी इन्स्पेक्टर साहेब यायचे आणि बॉयलर पेटवून सेफ्टी वॉल, म्हणजे जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह, बघायचे. हा वॉल म्हणजे बॉयलरच्या माथ्यावर झाकण, झाकणावर आडवा लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. सरकत्या वजनाच्या तराजूसारखं. वजन टोकाकडे सरकवलं की झाकण जास्त दाबून बसतं, आत घेतलं की कमी. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा तांबड्या रेघेवर आला की वाफेनं झाकण आपोआप उचललं पाहिजे. मग साहेब वजन तिथंच पक्कं करून शिक्का मारायचे. बॉयलर फुटू नये म्हणून एवढी खटपट.

साहेब हैदराबादेत शिकलेले. पान खायचे आणि निम्मं बोलणं उर्दूत. त्या दिवशी हे त्यांना आणायला मोटार स्टँडवर गेले. साहेब आल्यावर आग वाढवली; मी चहा टाकला होता. काटा हळूहळू चढला, रेघेला टेकला आणि पुढं सरकला. वॉल गप्प.

साहेबांनी पान थुंकलं. "आग ओढा. हवा बंद करा." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "वजन कुणी हलवलं?"

"न्हाय साहेब, हात लावला न्हाय."

काटा खाली आल्यावर साहेब शिडी चढले. वजनापाशी वाकून बघितलं. मग म्हणाले, "अरे मियाँ, ये क्या है?"

वजनाच्या मागं तांबड्या फडक्यात बांधलेला नारळ लोंबत होता. चांगला मोठा, पाण्यानं भरलेला.

ह्यांनी भट्टीत लाकडं घालणाऱ्या आगवाल्याकडं पाहिलं. आगवाल्यानं दारातल्या माझ्या सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई बिनधास्त म्हणाल्या, "म्या बांधायला लावला."

त्यांच्या माहेरी रीत अशी, की विहिरीवर मोट जुंपताना चाकाला नारळ बांधायचा आणि पहिलं पाणी पाटात पडलं की तो सोडून फोडायचा. लेक मुख्य झाला म्हणून, तो सकाळी स्टँडवर गेल्यावर, त्यांनी आगवाल्याला विचारलं, "ह्ये बायलर बोलतंय कुठनं?" त्यानं वॉल दाखवला. मग नारळ तिथंच बांधायचा, हे त्यांच्या दृष्टीनं उघड होतं.

"अम्मा, काढा तो," साहेब म्हणाले.

"न्हाय. त्ये बोलल्याबिगर सोडता येत न्हाय. अपशकुन हुतो."

"नारळाचं जादा वजन आहे तोवर ते रेघेवर बोलणार नाही."

"आन् बोलल्याबिगर नारळ निघत न्हाय."

साहेबांनी दुसरं पान काढलं. संध्याकाळच्या मोटारीनं त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. आज जमलं नाही तर महिनाभर त्यांचं तोंड दिसणार नव्हतं, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. ह्यांच्या कपाळावरचा घाम आगीचा नव्हता.

हे म्हणाले, "साहेब, नारळ असू द्या. वजन थोडं आत घेतो, म्हंजी हिशेब जुळंल."

मी चहाचे कप ठेवत म्हटलं, "आणि नारळातलं पाणी आटल्यावर? दिवाळीपर्यंत तो बराच हलका होईल. मग वॉल रेघेच्या आधीच सुटेल, आणि तुम्ही रोज वजन सरकवायला शिडीवर."

साहेब हसले. "बाईंचं बरोबर आहे. शिक्का मी लोखंडावर मारतो, खोबऱ्यावर नाही."

दांडा वर उचलायला कप्पीवरून खाली सोडलेली साखळी होती. हंगामात रोज सकाळी हे खालून ती ओढून वॉल अडकलेला नाही ना ते बघायचे. आवाजानं आमच्या कोंबड्या पळायच्या. मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, ते आपणहून बोललं पाहिजे, की कुणी बोलवलं तरी चालतं?"

त्यांनी विचार केला. "मोट का आपणहून चालती? बैल वढत्यातच की."

"मग ओढा साखळी," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. साखळी ओढली आणि वॉल असा काही गरजला, की बाहेरच्या गाडीवानांनी आपापले बैल धरले. सासूबाईंनी कानावरचे हात काढून नमस्कार केला, म्हणजे ते बोललं हे ठरलं. आगवाल्यानं नारळ सोडला, सासूबाईंनी तो उंबऱ्यावर फोडला.

पुन्हा आग वाढवली. काटा चढू लागला तसे सगळे घड्याळाकडं बघत उभे. हे तर पापणीही हलवत नव्हते. काटा रेघेवर आला आणि वॉल सुटला, ना आधी ना नंतर. साहेबांनी वजन पक्कं करून शिक्का मारला आणि खिशात खोबऱ्याचा तुकडा टाकून मोटार गाठली. त्याच दिवशी गाड्या आत आल्या. शेटजींनी दिवाळीला ह्यांना कायम केलं.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी नारळ बॉयलरच्या वाफेवर वाजणाऱ्या भोंग्याच्या दोरीला बांधायला सांगितला. नारळाच्या वजनानं दोरी खाली ओढली गेली आणि भोंगा नारळ सोडेपर्यंत वाजत राहिला. ते त्यांना फार आवडलं.