योस्टचा फोटो भिंतीवर लावायचा का? मास्ट्रिख्टच्या टेकड्यांमधले दोन दिवस

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मला एका माणसासाठी हात वर करायचा होता, नाहीतर खाली ठेवायचा होता. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही मास्ट्रिख्टला निघालो. सांगताना आम्ही सगळ्यांना "टेकड्या बघायला चाललोय" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही आइंडहोव्हनला राहतो. मंदार, म्हणजे माझा नवरा, संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या मशीनवर काम करतो. मी इथे आले ती त्याच्या व्हिसाला लटकून, आता घरून भाषांतराची कामं करते. आमची पंधरा वर्षांची इरा अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात जाते. हो, नेदरलँड्समध्ये अमेरिकन फुटबॉल! हेल्मेटवाला, अंगावर धावून जाणारा. इरा त्यातला बिनधक्क्याचा प्रकार खेळते, ज्यात कमरेची पट्टी ओढली की खेळाडू बाद. त्यामुळे माझा रक्तदाब अजून जागेवर आहे.

इथल्या क्लबांचा एक नियम आहे. पगारी माणूस कुणी नाही, सगळं सभासदांनी करायचं. सामन्याच्या दिवशी कॅन्टीनमध्ये कॉफी ओतायची, क्रोकेट म्हणजे इथले लांबट वडे तळायचे, पेले विसळायचे. सर्जन असो की सुतार, पाळी सगळ्यांना. ही पाळी कुणाची कधी, याची यादी चार वर्षं मी करते. आपण बायका हे काम एकदा घेतलं की आयुष्यभर आपलंच, हे वेगळं सांगायला नको.

तर योस्ट. आमच्या क्लबचा बारा वर्षं लाइनबॅकर. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मधोमध धरून आडवा करणारा भिडू असतो ना, तसं हे काम. शिवाय बचावाची हाक तोच देतो, त्याच्या आवाजावर बाकीचे दहाजण हलतात. काचेआड क्रोकेट तळताना मलाही तो आवाज खणखणीत ऐकू यायचा. गेल्या वर्षी त्याने गुडघ्यापायी खेळणं सोडलं आणि आता क्लबच्या मानाच्या भिंतीवर त्याचा फोटो लावायचा प्रस्ताव आला. ठरवणारी समिती पाचजणांची. दोघं बाजूने, दोघं विरोधात आणि पाचवी मी. विरोधाचं कारण एकच. या पठ्ठ्याने एकदाही कॅन्टीनची पाळी केली नाही. सामना संपला की मागच्या दाराने थेट गाडीत. मेलला उत्तर नाही, निरोप नाही. दर वेळी त्याच्या जागी समितीतला म्हातारा विम नाहीतर मी.

"राधिका, भिंत खेळाडूंची आहे की भांडी घासणाऱ्यांची?" मंदारचं म्हणणं.

"क्लबची आहे," माझं म्हणणं.

"मग जाऊन भेटूया ना त्याला. मास्ट्रिख्टजवळच तर राहतो. बायकोचं गाव आहे तिथे." मंदार मूळचा साताऱ्याचा. या सपाट देशात दहा वर्षं काढून त्याचा जीव कशासाठी तडफडत होता, ते मला कळत होतं. त्याने योस्टला मेसेज टाकला, 'शनिवार-रविवार तिकडे आहोत, पाच मिनिटं डोकावतो.' उत्तर आलं: 'रविवार, साडेदहा ते साडेअकरा, कॉफी.' इथे डोकावणं नावाचा प्रकार नाही, हे आम्ही अजून विसरतो.

आइंडहोव्हनहून मास्ट्रिख्टची थेट गाडी आहे, तासाभराच्या वर थोडा वेळ लागतो. शनिवार-रविवारचं सवलतीचं कार्ड असेल तर घ्याच, तिघांच्या तिकिटात एका जेवणाचे पैसे सुटतात. रूरमोंड गेलं की खिडकीबाहेरची शेतं हळूहळू वर चढायला लागतात. मंदार नाक काचेला लावून बसला होता.

मास्ट्रिख्ट मला फार आवडलं. नदीवरचा जुना दगडी पूल चालत ओलांडा, घाई करू नका. गल्ल्या दगडी आहेत, टाचांचे बूट घरीच ठेवा. एका जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, तिथे इरा हरवली आणि आम्हाला तासभर निवांत बसायला मिळालं. चौकात बसून आम्ही पांढरा अ‍ॅस्परॅगस खाल्ला. मे-जूनमध्ये हे लोक त्याच्यामागे वेडे होतात, आपल्याकडे हापूसच्या मागे होतात तसे. चवीला मला मुळ्याच्या सौम्य भावासारखा वाटला. वर लोणी भरपूर घातलेलं, त्यामुळे तक्रार नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही हॉलंडहून आलात वाटतं." या भागातल्यांच्या लेखी त्यांच्या टेकड्यांपलीकडचा सगळा देश म्हणजे हॉलंड. आम्ही तीन सावळी माणसं, आणि त्यांच्या लेखी परके का, तर आइंडहोव्हनचे म्हणून! मला त्या आजोबांच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

रविवारी सकाळी योस्टच्या घरी जायला गुल्पेनकडे जाणारी बस पकडली. रस्ता वळणं घेत वर चढतो, दोन्हीकडे हिरवी कुरणं, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडांच्या चौकटी असलेली घरं, मध्येच रवंथ करणाऱ्या गायी. "याला इथे डोंगर म्हणतात. साताऱ्यात याला चढ म्हणतात," असं मंदार म्हणाला खरा, पण डोळे ओलावले होते. आम्ही वीस मिनिटं आधी पोहोचलो. इथे लवकर जाणं हे उशिरा जाण्याइतकंच वाईट, म्हणून चकल्यांचा डबा घेऊन तिघं एका कुंपणाआड लपून उभे राहिलो. कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

दार योस्टच्या बायकोने, मिर्यमने उघडलं. मागे योस्ट. हेल्मेटशिवाय मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. दाराच्या चौकटीएवढा माणूस, पण हात मिळवला तो अगदी हलक्याने. टेबलावर व्लाय ठेवली होती, या भागातली प्रसिद्ध पाईसारखी मिठाई. आत तांदळाची दाट खीर, खाली पावाचं कवच. मिर्यमने सकाळी स्वतः भाजलेली. मी पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं की मी केवढी चूक करून बसले आहे. गुरुवारी ज्याच्यासाठी हात खालीच ठेवायचा, त्याच्या घरची खीर माझ्या तोंडात होती. खाल्ल्या मिठाला जागायचं हे आईने इतकं घोटून घेतलं आहे की घास गिळवेना.

योस्ट फारसं बोलत नव्हता. मिर्यमच बोलत होती, इराशी डच, आमच्याशी इंग्रजी. मग योस्टने कप खाली ठेवला.

"तुम्ही मा… मा…" तो थांबला. मान थोडी ताणली गेली, ओठ तिथेच अडले.

"मास्ट्रिख्ट! हो, काल पाहिलं, सुंदर!" मंदार म्हणाला. आपल्याकडे समोरच्याला शब्द सापडेना तर पुरवायचा, तीच मदत. योस्टने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. मंदारने पुन्हा मदत केली, "माणसं? माणसंही छान आहेत!"

"त्याला बोलू दे," मिर्यम म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मंदारचा हात चकलीवर थांबला.

आम्ही थांबलो.

"तुम्ही माझ्या बाजूने मत देणार का?" योस्टने विचारलं. वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला, पण पूर्ण झालं.

टेबलाखाली इराने माझ्या पायावर पाय ठेवला. माझ्या मनात किमान सहा गोड बगल देणारी वाक्यं तयार होती, 'बघूया', 'समितीचं काय म्हणणं पडतं ते', वगैरे. पण त्याने त्या एका वाक्यासाठी इतके कष्ट घेतले होते की त्याला तसलं काही देणं मला जमेना.

"नाही," मी म्हटलं.

योस्टने सुरी उचलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अजून एक तुकडा?" आणि मी हो म्हणण्याआधीच बशीत वाढलासुद्धा. मला रडू येईल की काय असं झालं.

मग त्याने सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पण सगळं स्वतः. लहानपणापासून तो असाच बोलतो. काउंटरसमोर रांग लागली की जीभ टाळूला चिकटते. एकदा, मी यायच्या खूप आधी, त्याने पाळी केली होती. 'कॉफी' म्हणताना अडकला आणि रांगेतलं कुणीतरी हसलं. त्यानंतर मागचं दार. पण मैदानात ओरडायचं असतं आणि ओरडताना तो अडखळत नाही. "दहा माणसं माझ्या शब्दासाठी थांबायची," तो म्हणाला. "बाकी कुठेच कुणी थांबत नाही. म्हणून तो फोटो मला हवा आहे. तुमचं मत बदलावं म्हणून नाही सांगत. तुम्ही खरं बोललात म्हणून सांगतोय."

साडेअकराला आम्ही उठलो. मिर्यमने उरलेली व्लाय कागदात बांधून दिली आणि चकल्यांचा डबा ठेवून घेतला.

परतीच्या गाडीत मंदारने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. योस्टला दोनदा केलेली 'मदत' त्याला चांगलीच लागली होती.

"आई, यू मेड द लिस्ट," इरा म्हणाली. "तू त्याला कधी विचारलंस, व्हॉट कॅन यू डू?"

"मेल पाठवत होते ना!"

"मेलमध्ये फक्त डेट होती."

कार्टी खरं बोलत होती. मला क्लबातले माझे पहिले महिने आठवले. माझं डच तेव्हा दोन वाक्यांचं. विमने मला काउंटरवर उभंच केलं नव्हतं. "तू पेले विसळ, कान इकडे ठेव, जीभ आपोआप सुटेल," म्हणाला होता. माझ्यासाठी कुणीतरी माझ्या बेताचं काम शोधलं होतं. मी मात्र यादी हातात आल्यावर सगळ्यांना एकच काम आणि एक तारीख पाठवत राहिले. आणि बारा वर्षं खेळलेल्या माणसाला मनातल्या मनात आळशी ठरवून मोकळी झाले. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी बैठक झाली. मी आधीच सांगितलं की मी त्यांच्या घरी खाऊन आले आहे, माझं मत धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सगळे हसले. खाण्याचा मताशी काय संबंध, हे त्यांना कळेचना. मग मी बोलण्याच्या अडचणीबद्दल सांगितलं, तर विम म्हणाला, "ते माहीत आहे सगळ्यांना."

"माहीत होतं? मग कुणी बोललं कसं नाही?"

"त्याची खासगी गोष्ट आहे. त्याला हवं असतं तर तो बोलला असता."

आपल्याकडे एव्हाना अर्ध्या सोसायटीने औषधं सुचवली असती आणि उरलेल्यांनी नवस बोलले असते. कोणतं बरं, मला ठरवता येत नाही. विमने विरोधात मत दिलं, नियम म्हणजे नियम. मी हात वर केला. तीन विरुद्ध दोन. फोटो लागला आहे, कॅन्टीनच्या दारातून शिरताच उजवीकडे, हेल्मेट हातात आणि तोंड हाक देताना उघडं.

यादीत मी एक रकाना वाढवला, 'तुम्हाला काय करायला जमेल?' उत्तरं वाचताना रोज नवा माणूस भेटतो. एकाला तळणीच्या वासाने मळमळतं, एकीला फक्त सकाळी उजाडताना यायचं आहे. योस्टने कळवलं, 'मैदानावरच्या रेघा.' तो शनिवारी पहाटेच्या गाडीने आला. मी पोहोचले तेव्हा रंगाची ढकलगाडी घेऊन मधोमध उभा होता, पँटवर पांढरे शिंतोडे.

"कशी झाली?" त्याने विचारलं.

मी नीट पाहिलं. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि पुढे गायीच्या शेपटीसारखी गेली होती.

"वाकडी," मी म्हटलं.

तो हसला. काहीतरी सांगायला लागला आणि पहिल्याच अक्षरावर अडला. काय म्हणणार ते मला साधारण कळलं होतं. मी हातातली कॅन्टीनची किल्ली खिशात टाकली आणि त्याचं बोलून होईपर्यंत तिथेच उभी राहिले.