ढगातला मी

मेल्यावर भिंतीवर लावायला घरात माझा एकही धड फोटो नाही, आणि मी सोलापुरात तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला.

यात विसंगती वाटत असेल, तर तुम्ही फोटोग्राफरच्या घरात कधी राहिला नाहीत. मी अख्ख्या पेठेला "हनुवटी जरा खाली, आता हसा" म्हणत म्हातारा झालो. मला "हसा" म्हणायला कुणी नव्हतं. पुढं मोबाईल आले, लोक स्वतःच स्वतःला हसवू लागले, आणि स्टुडिओच्या जागी मोमोजचं दुकान आलं. (चांगलं चालतं. मीही खाल्लेत. डोळे पुसत.)

पण खरी ठिणगी पडली ती पुण्याच्या चिरंजीवांमुळं. सुमन, म्हणजे आमची ही, एकदा फोनवर म्हणाली, "निलेश, तुझ्या बाबांचा एक फोटो करून ठेव बाबा. उद्या काय झालं तर आधार कार्डावरचा लावू का भिंतीला?" दोन मिनिटांत त्यानं ॲपवर 'केलेला' फोटो पाठवला. त्यात मला केस होते! जबडा दुसऱ्याच कुणाचा तरी होता आणि डाव्या हाताला सहा बोटं होती. सुमननं तो डीपीला लावला.

"अगं, हा मी नाही!"

"म्हणून तर बरा आलाय की."

त्याच क्षणी मी ठरवलं. माझा फोटो मीच काढणार. खरा कॅमेरा, खरे दिवे, खरा धूर! आणि रडका नाही, हसवणारा: मी धोतर नेसून स्वर्गातल्या ढगांत सिंहासनावर बसलोय आणि खाली राहिलेल्यांकडं बोट दाखवून म्हणतोय, हनुवटी जरा खाली! भिंतीवरच्या हाराआडून पाहुण्यांना हसवणारा सोलापुरातला पहिला मयत मीच होणार होतो.

घाई करायला कारणही होतं. स्टुडिओचे उरलेले दोन दिवे दुसऱ्या दिवशी बसवराज घेऊन जाणार होता. बसवराज लग्नाची स्टेज सजवतो. नवरीच्या एंट्रीला पायाशी धूर सोडतो. त्याच्याचकडून मी थर्माकोलच्या डब्यात ड्राय आईस आणलं.

"अण्णा, हात लावू नका, लई गार असतंय. खिडकी उघडी ठेवा. पाण्यात टाकलं की धूर येतंय बगा. मोठं भांडं घ्या."

मोठं भांडं. इथंच नशीब फिरलं. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं, आणि ते त्याच सकाळी आलं होतं. ड्रम, घागरी, कळश्या, पातेली, इतकंच काय, प्रेशर कुकरसुद्धा काठोकाठ! बहिणीकडं जाताना सुमन दारातून बजावून गेली होती, "पाण्याला हात लावू नका."

मी हात लावला नाही. चिमट्यानं टाकलं. तेही दोनशे लिटरच्या ड्रममध्ये, कारण बाकी कशाचंच तोंड तेवढं मोठं नव्हतं. शिवाय माझा हिशेब चोख होता: बर्फच आहे, विरघळला तर पाणीच होणार, म्हणजे पाणी कमी न होता उलट कळशीभर वाढेल! (ड्राय आईसचं पाणी होत नाही, नुसताच वायू होतो, हे मला नंतर कळलं. नंतर मला बरंच काय काय कळलं.)

ड्रम हॉलमध्ये आधीच होता. पाठीमागं काळी सोलापुरी चादर टांगली, एका दिव्याला लाल कागद, दुसऱ्याला उजेड मऊ करणारी स्टुडिओची छत्री. ड्रमशेजारी स्टूल, त्यावर शाल. हे सिंहासन. कॅमेऱ्याला दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढायला लावलं आणि बर्फ सोडला.

काय धूर आला म्हणता! ड्रमच्या काठावरून उतरून फरशीवर असा पसरला, की मला माझे गुडघेही दिसेनात. धावत सिंहासनाकडं निघालो, आणि पायाला काहीतरी खटकन लागलं. दुर्लक्ष केलं. स्टुलावर चढलो, बोट उगारलं, हसलो. खटॅक! खाली कुठंतरी झुळझुळ आवाज येत होता. मला वाटलं, वा, वातावरण काय जमलंय!

ड्रमची तोटी तुटली होती. स्वर्ग वर तरंगत होता आणि त्याच्या आडून आमचं चार दिवसांचं पाणी दाराखालून जिन्यात उतरत होतं.

आता सोलापूरची गंमत बघा. जिन्यात धूर दिसला, तेव्हा एकही माणूस हलला नाही. पाणी वाहताना दिसलं, आणि तीन मजले धावत आले! सगळ्यात पुढं खालच्या मजल्यावरची राजेश्वरी, हातात घागर.

"काका! पाणी चाललंय की वो!"

"कुठं?"

"माझ्या घरात!"

"अगं मग थांबव!"

"थांबवू कशाला? भरून घ्यायलेय!"

मी गुडघ्यावर बसून तोटीच्या भोकात अंगठा कोंबला. आणि तेवढ्यात दारात सुमन. राजेश्वरीनं घागर भरता भरता फोन केला होता.

"आवो, काय करायलात हितं?"

"फोटो."

"पाणी कुठाय?"

"खाली."

"आणि हे धोतर?"

"मी... मेलोय यात."

"अजून न्हाय," ती म्हणाली, आणि धुरातून माझ्याकडं चालत आली. खटॅक!

घागरी-पातेल्यांतलं पाणी दुसऱ्याच दिवशी संपलं, आणि पुढं नळ येईपर्यंत मी शेजाऱ्यांकडं कळशी घेऊन गेलो. राजेश्वरीनं आमचंच पाणी आम्हाला दिलं, तेही दोनदा विचारून, "काका, प्यायलाच पायजे ना? फोटो न्हाय ना काढणार?"

बसवराज दिवे घेऊन गेला. मग मी फोटो बघितले. शंभरेक नुसते पांढरे. एकात एकटंच बोट. आणि शेवटचा... तीस वर्षांत असा फोटो माझ्या हातून झाला नव्हता! लाल उजेड सुमनच्या गालावर, छत्रीचा मऊ प्रकाश केसांवर, भोवती ढग, डोळ्यांत प्रलय. साक्षात देवी! आणि तिच्या पायाशी, धुरातून वर आलेलं, चकचकीत, गोल, माझं टक्कल. चेहरा नाही. पण मी होतो. खरा मी, खऱ्या धुरात.

घाबरत घाबरत निलेशला पाठवला. लगेच फोन आला. "बाबा! कसला भारी काढलाय! ॲपला नाही जमणार हे."

डोळ्यांत पाणी आलं. (त्या घरात तेवढंच उरलं होतं.)

"फक्त आईच्या पायाशी ते काय आहे? भोपळा?"

मी काही बोलायच्या आत सुमननं फोन घेतला. "तेच ते. माझ्या इरकलीचा काठ झाकलाय बघ त्यानं. पुसता येतं का रे?"

आलं. दोन सेकंदांत.

आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, फ्रेम करून. माझा तो सहा बोटांचा फोटो कपाटात तयार ठेवलाय. येणारा प्रत्येक पाहुणा भिंतीसमोर थांबतो आणि विचारतो, "वहिनी, कुणी काढला हो? या माणसाचा एक फोटो पाहिजे बघा भिंतीवर!"