नवी चूल उद्या, मोडकी आज

धुराडेमामांच्या कानावर विडी नसे, उदबत्ती असे. कुणाच्याही घरी गेले की ते थेट स्वयंपाकघरात शिरत, उदबत्ती पेटवून चुलीपाशी धरत आणि धूर कुठे जातो ते बघत उकिडवे बसत. धूर खिडकीकडे गेला तर "हूं" म्हणत. माळ्याकडे वळला तर दोनदा "हूं" म्हणत. घरातली माणसं दारात ताटकळत उभी असत, मामांचं त्यांच्याकडे लक्षच नसे. सरकारी योजनेतल्या निर्धूर चुली बांधणारे आमच्या भागात ते एकटेच होते. त्यांचं खरं आडनाव निराळं होतं, पण ते कचेरीच्या कागदावरच राहिलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रत्नागिरीपासून सात-आठ मैलांवरच्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. यजमान मुंबईला नोकरीत, घरी मी आणि सासूबाई. सासूबाईंना दमा. त्या वर्षी तो इतका वाढला की पाण्याची कळशी उचलून दोन पायऱ्या चढल्या तरी त्या खांबाला धरून उभ्या राहायच्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?" मी म्हटलं, "चुलीवर." ते म्हणाले, "मग माझ्या गोळ्यांनी काय होणार? आधी घरातला धूर थांबवा." गॅसला नंबर लावला होता, पण आमच्या पुढे इतकी नावं होती की तो विषय काढण्यातच अर्थ नव्हता. मी शाळेतून येईपर्यंत सासूबाईंनी चुलीशी जाऊ नये, असं मी बजावून ठेवलं होतं. त्या जायच्याच.

मी वहीत यादी केली. अर्ज, ग्रामपंचायतीचा दाखला, पाइप, माती, मामा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एस.टी.ने कचेरीत जायची. एका शनिवारी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या शनिवारी शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. पाइप आला तर त्याची टोपी आली नाही. टोपी आली ती पाइपापेक्षा मोठी. तरी दीड महिन्यात चार गोष्टींवर खुणा झाल्या. पाचवी राहिली.

मामा आले, उदबत्ती लावली, बसले. "बाई, सकाळचा वारा बगलाय. दुपारचा बगाया होवा. उद्या येतंय." म्हणाल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, दोनदा "हूं" म्हणाले आणि "आता सामान घेवन उद्या येतंय" असं सांगून गेले. हा दुसरा "उद्या" दोन महिने उगवला नाही. मी दोन कार्डं टाकली. कंडक्टरबरोबर निरोप धाडले. उलट निरोप यायचा, "बाईंना सांगा, उद्या." सासूबाई पडवीत छाती धरून खोकत बसायच्या आणि तशातही म्हणायच्या, "अगो, तुज्या मामाचा उद्या म्हंजे गॅसचा नंबर हाय."

एका रविवारी मी छत्री घेतली आणि त्यांना शोधायला निघाले. तिसऱ्या वाडीत सापडले. एका अंधाऱ्या स्वयंपाकघरात कोपरापर्यंत मातीत हात घालून फुटलेल्या चुलीपुढे बसले होते. मी दारातूनच सुरुवात केली.

"मामा, आमचं काम कधी करणार?"

"करूया की. उद्या."

"दोन महिने झाले उद्या म्हणताय!"

त्यांनी मान वर केली नाही. "बाई, तुमची चूल पेटते ना?"

"पेटते. पण धूर होतो."

"ह्यांची पेटतच नाय. घरात बाळंतीण हाय. शेजारणीकडून भात येतोय. आता तुमीच सांगा, आदी कुणाची? नवी चूल उद्या, मोडकी आज. माजा रिवाजच हाय तो."

तेव्हा कुठे मला त्यांच्या दिरंगाईचं कारण कळलं. बांधलेल्या प्रत्येक चुलीची दुरुस्ती त्यांच्याच गळ्यात होती, आणि कुठे भेग पडली असं कळलं की हातातलं नवं काम टाकून मामा तिकडे धावत. पण त्या क्षणी मला तो रिवाज ऐकवेना. "मामा, आमच्या आईंना श्वास घेता येत नाही हो," मी म्हटलं.

मामांचे हात थांबले. "कुणाला?"

"सासूबाईंना. दमा आहे. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलंय."

"मग ह्या आदी का नाय सांगितलात? तुमच्या अर्जात तर 'लाकडांची बचत' लिवलाय!"

खरंच तसं लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात काय भरायचं ते कचेरीतल्या माणसाने सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात भरलं. दोन कार्डांतही मी अर्जाचा क्रमांक आणि तारीख घातली होती. सासूबाईंबद्दल एक ओळ नव्हती.

"म्हंजे तुमची पण मोडकीच की," मामा म्हणाले. "जावा घरी. हिला लिपून उद्या येतंय."

हा उद्या खरा निघाला. पहिल्या एस.टी.ने मामा उतरले, जुनी चूल फोडली, तांबडी माती, शेण आणि भाताचा तूस मळला. दोन दिवसांत दोन तोंडांची चूल उभी राहिली आणि पाइप कौलांतून वर गेला. जाताना बजावलं, बारा दिवस पेटवायची नाही. ते बारा दिवस आम्ही शेजारून मागून आणलेल्या रॉकेलच्या स्टोव्हवर काढले. मामांची एस.टी. घरावरून जायची, तेव्हा खिडकीतून हाक यायची, "पेटवू नका हां!" तेराव्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, आणि सासूबाई अंगणातून ओरडल्या, "अगो, धूर भायेर आला बग! कौलावर आला!" मी आत उभी होते. डोळ्यांत पाणी होतं, पण ते धुराचं नव्हतं. वहीत खूण करायचीसुद्धा राहून गेली.

पुढच्या वर्षी मामा एकदा न बोलावता आले. पाठीला वळकटी होती. मुलाकडे मुंबईला कायमचे निघाले होते, गाडीला अर्धा तास होता. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. मला वाटलं, चूल बघतील, कुठे भेग आहे का विचारतील. पण पडवीत सासूबाई बसल्या होत्या. मामांना बघताच त्यांना चार महिन्यांचं सगळं आठवलं. "आलात? आता आलात! आमी मेलो असतो म्हंजे काय तेराव्याला येणार होतात? ही पोर बिचारी कचेरीत चपला झिजवते, कार्डां टाकते, नि तुमचा आपला उद्या नि उद्या! उदबत्त्या लावताय, देवळात लावा की त्या! माज्या छातीचा भाता झालेला नि तुमी वारा बगत बसलात!"

मी चहा घेऊन बाहेर आले तरी त्यांचं चालूच होतं. मामा कपाला हात न लावता ऐकत होते. सासूबाई थांबल्यावर त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली.

"अहो, चूल तरी बघून जा," मी म्हटलं.

"कशाला?" मामा हसले. "येवडा बोलल्या, एकदा पण खोकल्या नाय."