महामात्यांना आधीच ठाऊक होतं

दूध ऊतू गेलं की पंडित म्हणायचा, "मला माहीत होतं ऊतू जाणार." आणि हे म्हणताना तो उभा कुठे असायचा? ओट्याला टेकून, गॅसपासून हातभर अंतरावर, फोनमध्ये डोकं घालून. अरे बाबा, माहीत होतं तर गॅस बंद करायला काय मुहूर्त काढायचा होता? हे त्याची बायको विचारायची. तिला उत्तरही ठरलेलं असायचं. "तुला नाही कळायचं."

पंडित हे नाव त्याला शीतगृहातल्या माणसांनी ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. त्याच्याशिवाय सगळ्यांना हे ठाऊक होतं. फळं साठवायचं मोठं शीतगृह होतं ते, आणि हा तिथे सुपरवायझर. थंड खोल्यांबाहेरच्या तापमानाच्या काट्यांवर नजर ठेवायची, दारांची रबरं नीट बसली आहेत ना ते बघायचं, आत पाइपांवर बर्फ चढला तर मशीनवाल्याला हाक मारायची. डोळे उघडे असले की जमेल असं काम. त्याची बायको शिवणकाम करायची. थंड खोल्यांत शिरणाऱ्या हमालांची जाडजूड जाकिटं उसवली किंवा त्यांच्या चेनी तुटल्या की ती तिच्याकडे यायची. सगळे तिला वहिनी म्हणायचे, आणि पंडितापेक्षा तिलाच जास्त मान द्यायचे.

शीतगृहाच्या मागच्या अंगाला त्यांना कंपनीची खोली मिळाली होती. खोली बेताचीच, भिंतीला ओल, नळाला पाणी मर्जी असेल तेव्हा. पण खिडकी! अख्खी भिंत व्यापणारी खिडकी. वहिनीनं शिलाई मशीन तिच्याखाली मांडलं होतं. काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा तिला त्या उजेडात चष्म्याविना दिसायचा. लग्नानंतर तिला आपलं म्हणावं असं जे काही मिळालं, ते म्हणजे ती खिडकी. नवरा त्या यादीत धरायचा का, हा प्रश्न तिनं कधीच सोडून दिला होता. नोकरी आहे तोवर खोली, आणि खोली आहे तोवर खिडकी.

पंडिताचं खरं बस्तान मात्र फोनमध्ये होतं. एकमेकांना जन्मात न भेटलेली वीसेक माणसं तिथे मिळून एक साम्राज्य चालवायची. ऑनलाइन रोलप्ले म्हणतात त्याला. कुणी सम्राट, कुणी सेनापती, कुणी राजकन्या. त्या राजकन्येला मिशा असणार असा वहिनीचा दाट संशय होता. आपलं पात्र काय बोलतं, काय करतं, ते ज्यानं त्यानं पाळीपाळीनं लिहायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. यात पंडित कोण? तर महामात्य. साम्राज्यातला सगळ्यांत बुद्धिमान माणूस! कपाळावर ढकललेला चष्मा जो घरभर शोधतो, तो.

आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बेताच्या डोक्याच्या माणसानं अफाट डोक्याचा माणूस लिहायचा तरी कसा? पंडितानं त्यावर एक युक्ती काढली होती, आणि त्याच्या वाट्याची होती नव्हती तेवढी अक्कल त्या युक्तीतच खर्च झाली होती. बाकीच्यांचं लिहून होईपर्यंत गप्प बसायचं. मग शेवटी लिहायचं, "महामात्य मंद हसले. त्यांना हे अपेक्षितच होतं."

बस्स! एवढ्यावर लोक फिदा. सम्राट लिहायचा, शत्रूनं नदीवरचा पूल उडवला. की लगेच हा लिहायचा, पूल उडणार हे महामात्यांना तीन दिवसांपूर्वीच ठाऊक होतं, म्हणून निम्मं सैन्य त्यांनी नदीच्या अलीकडेच थांबवलं होतं. टाळ्या, मुकुट, पेटत्या ज्वाळा, सगळी चित्रं धडाधडा पडायची. 'काय डोकं आहे तुमचं, महामात्य!' आणि हा इकडे पलंगावर पालथा पडून लाजायचा.

तो पुलाचा प्रसंग त्यानं बायकोला वाचून दाखवला. ती जाकिटाला चेन लावत होती. ऐकून घेतलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "तीन दिवस आधी ठाऊक होतं, तर पूल वाचवला का नाही? उरलेलं निम्मं सैन्य बुडालंच ना?"

"तुला नाही कळायचं. योग्य वेळेची वाट बघावी लागते."

"मेलेल्यांची योग्य वेळ कधी येते?"

पंडितानं तिच्याकडे पाहून मंद हसून दाखवलं. हे हसू तो दाढी करताना आरशात घोटायचा. ओठांचा डावा कोपरा जरासा वर, डोळे अर्धे मिटलेले. दाढ दुखत असलेला माणूस दिसायचा अगदी. वहिनीला ते हसू पाहिलं की हातातली कात्री फेकून मारावीशी वाटायची, पण कात्री चांगली होती.

आणि मग शीतगृहात तो प्रकार झाला. दोन नंबरच्या खोलीचा तापमानाचा काटा आतल्या आत अडकला. बाहेर रोजचाच आकडा दिसतोय, आणि आत मशीन थांबायचं नाव घेत नाहीये. खोली गार होत होत पार गोठली. दार उघडलं तेव्हा फळं वरून तुकतुकीत होती, पण दाबलं की आतून तपकिरी पाणी. खोलीभर मालाचा चिखल झाला. सगळ्यांची पाचावर धारण बसली. पंडिताची तर अशी, की दोन दिवस त्याचे महामात्य दरबारात फिरकलेसुद्धा नाहीत. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. "आता गं काय होणार?" म्हणून त्यानं बायकोला विचारलंही. वहिनीला, खोटं कशाला सांगा, त्या दोन दिवसांत तो जरा माणसात आल्यासारखा वाटला.

तिसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. शिवलेली जाकिटं द्यायला वहिनी आलीच होती. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दार उघडं होतं.

मालक म्हणाला, "सुटलो रे बाबांनो! मीटरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. चूक त्यांची, नुकसान ते भरणार. काटा आतून अडकला होता, तुम्ही काय करणार? कुणाच्या बापालाही कळलं नसतं. आणि आपले हेड सुपरवायझर निवृत्त होतायत, त्यांच्या जागी यापुढे पंडित."

वहिनीनं बाकावर बसल्या बसल्या हात जोडले. संपलं होतं सगळं. घोडं गंगेत न्हालं होतं. आता नुसतं 'बरं मालक' म्हणून माणसानं बाहेर यायचं होतं.

पण 'कुणाच्या बापालाही कळलं नसतं' या शब्दांनी पंडिताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणालाच? म्हणजे त्यालासुद्धा? वहिनीला दारातून दिसलं, त्याच्या ओठांचा डावा कोपरा जरासा वर गेला.

"मला हे अपेक्षितच होतं," पंडित म्हणाला.

मालक हसला. "हो रे, आता कळल्यावर सगळ्यांनाच अपेक्षित असतं."

"आता नाही, मालक. आदल्या दिवशीच. तो काटा मला संशयास्पद वाटला होता."

मशीनवाल्यानं त्याला कोपर मारलं. "गंमत करतोय तो, मालक."

"मी गंमत करत नाही."

मालकानं पेन खाली ठेवलं. "काटा अडकलाय हे तुला आदल्या दिवशी माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

पंडित मंद हसला. "योग्य वेळेची वाट बघत होतो."

अहो, असा शहाणा सात जन्मांत सापडायचा नाही! वहिनी जाकिटं बाकावर टाकून तशीच आत घुसली. "मालक, ह्यांचं काही ऐकू नका. ह्यांना काहीएक माहीत नव्हतं. त्या दिवशी हे काट्याकडे बघतच नव्हते, फोनमध्ये दरबार भरवून बसले होते. दोन दिवस घाबरून अंथरुणात पडलेत. मालक, हे मूर्ख आहेत हो. मी सांगते ना, बायको आहे मी. ह्यांना कधीच काही आधी कळलेलं नाही."

मशीनवाला खाली बघू लागला. मालकानं पंडिताला विचारलं, आणि माणूस भला, हळूच विचारलं, "बाई म्हणतात ते खरं आहे का रे? खरं असेल तर तसं सांग. मूर्खपणाबद्दल मी कुणाला काढत नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्याला मात्र ठेवणार नाही."

याहून मोठं दार कुणी कुणाला उघडून देतं का? पंडितानं मशीनवाल्याकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. वहिनीनं ओठ न हलवता मान हलवून सांगितलं, म्हणा. म्हणा ना!

"बायकांना नाही कळायचं हे, मालक," पंडित म्हणाला.

खोली खाली करायला मालकानं दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत पंडितानं कपड्याला हात लावला नाही की भांड्याला. ग्रुपवर मात्र लिहिलं, की दरबार कृतघ्न निघणार हे महामात्यांना आधीच ठाऊक होतं. ज्वाळा पडल्या, मुकुट पडले. राजकन्या तर ढसाढसा रडली म्हणे. वहिनीनं भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "ताई, तू ये. मागची खोली रिकामी आहे, मशीन मावेल. दाजींचं मात्र मला विचारू नकोस." त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती.

टेम्पो आला. हमालांनी न सांगता मशीन उचलून चढवलं, त्याला जाकिटाच्या चिंध्यांचा आधार दिला. वहिनी एकदा आत जाऊन खिडकीची झडप लावून आली. पंडित रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभा होता. "मला माहीत होतं, हे असंच होणार," तो म्हणाला. कुणी वर पाहिलं नाही.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, साहेबांना कुठे सोडायचं?"

"त्यांनाच विचारा," वहिनी म्हणाली. "त्यांना सगळं आधी माहीत असतं."

टेम्पोवाला त्याच्याकडे वळला. "बोला साहेब, कुठे?"

पंडितानं ओठांचा कोपरा वर न्यायचा प्रयत्न केला. तो वर गेला नाही. फोन त्याच्या हातात वाजत होता, दरबारात बहुतेक कुणीतरी त्याची वाट बघत होतं. त्यानं टेम्पोकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं.

"मला... मला माहीत नाही," तो म्हणाला.

वहिनी टेम्पोच्या दाराशी थांबली.

"हे परवा म्हणायचं होतं," ती म्हणाली, आणि मशीन हलू नये म्हणून मागेच, मशीनला धरून बसली.